मॅककुकचा वकील : जॉर्ज नॉरिस

शिकून शहरात गेलेला माणूस पुन्हा गावाचा राहत नाही, असे आमच्याकडे म्हणतात. तो गावी येतो तो जत्रेला, नाहीतर जमिनीच्या वाटणीला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे हे बोलणे मला वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकावे लागते. आई ते हसण्यावारी नेते. आजी मात्र गप्प बसते, आणि तिचे गप्प बसणे मला अधिक लागते.

गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या अभ्यासात अमेरिकन राज्यघटनेची विसावी दुरुस्ती आली आणि तिच्याबरोबर एका माणसाचे नाव आले. परीक्षेपुरते ते दोन ओळींत संपत होते. पण ग्रंथालयात त्या नावाचा माग काढत गेले, तेव्हा एक अख्खे आयुष्य हाती लागले. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला, आडगावात वकिली केलेला, चाळीस वर्षे देशाच्या संसदेत बसलेला आणि अखेर त्याच आडगावात देह ठेवलेला हा माणूस म्हणजे जॉर्ज विल्यम नॉरिस. आजीच्या त्या गप्प बसण्याला काही उत्तर सापडते का, हे पाहण्यासाठी मी त्यांचे चरित्र वाचले. ते येथे थोडक्यात सांगते.

जॉर्जचा जन्म ११ जुलै १८६१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लाईड गावाजवळच्या एका शेतावर झाला. आईवडिलांचे ते अकरावे अपत्य. शाळेचा वारा दोघांनाही फारसा लागलेला नव्हता. जॉर्ज तीन वर्षांचा असताना, १८६४ साली, वडील वारले आणि त्याच वर्षी थोरला भाऊ यादवी युद्धात कामी आला. मागे उरली आई, बहिणी आणि शेत. आईने कमरेला पदर खोचावा तशी हिंमत बांधली आणि संसार तारून नेला.

त्या आईची एक आठवण नॉरिस जन्मभर सांगत. वय झालेले असताना ती एकदा शेतात फळझाडाचे रोप लावत होती. पोराने विचारले, की याला फळ धरेपर्यंत तू राहणार आहेस का, मग एवढे कष्ट कशाला? आईचे म्हणणे असे, की आपण नसलो तरी कोणीतरी ते फळ खाईलच. ही गोष्ट साधी आहे. आपल्याकडच्या कोणत्याही म्हातारीने हेच सांगितले असते. परंतु नॉरिस यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली मला तरी याच गोष्टीत दिसते.

बेरिया गावच्या बाल्डविन विद्यापीठात आणि नंतर इंडियाना राज्यातील व्हॅलपरेझो येथे त्यांचे शिक्षण झाले. मध्ये मध्ये शाळामास्तरकी करून ते पैसे जोडत. १८८३ साली त्यांनी कायद्याची पदवी मिळवली आणि १८८५ साली नशीब काढण्यासाठी पश्चिमेकडे नेब्रास्का राज्यात ते आले.

हा नेब्रास्का कसा होता, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही. क्षेत्रफळाने तो आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे दोन-तृतीयांश आहे. नजर पोचेल तिथवर सपाट माळ. मूळच्या इंडियन जमातींकडून ही भूमी काढून घेऊन सरकारने ती वसाहतीला खुली केली होती. १८६२ च्या कायद्याप्रमाणे जो कोणी १६० एकरांवर पाच वर्षे राहून ती कसेल त्याची ती होई. हजारो गरीब कुटुंबे आली. घर बांधायला लाकूड नव्हते म्हणून त्यांनी गवताच्या मुळ्यांनी घट्ट झालेल्या मातीचे चौकोन कापून भिंती रचल्या. पाऊस बरा झाला की मका डोक्याएवढा होई, आणि पाऊस गेला की सगळेच जाई. १८९० साली दुष्काळ पडला आणि १८९४ साली त्याहून मोठा. उभी पिके करपली. जमीन गहाण, व्याज डोक्यावर, आणि धान्य बाजारात न्यायचे तर आगगाडीची एकच कंपनी. ती मागेल ते भाडे द्यायचे. हे वर्णन वाचताना गावांची नावे तेवढी परकी वाटत होती.

अशा मुलखात बीव्हर सिटी नावाच्या छोट्या गावात नॉरिस यांनी वकिलीची पाटी लावली. पुढे ते त्या जिल्ह्याचे सरकारी वकील झाले. येथे एक गोष्ट लपवू नये. ते आरंभापासून शेतकऱ्यांचे कैवारी वगैरे नव्हते. रिपब्लिकन पक्षाचे ते निष्ठावंत होते आणि आगगाडी कंपनीचे स्थानिक कामही पाहत. त्या काळी कंपनी वकील, न्यायाधीश आणि आमदार यांना फुकट प्रवासाचे पास वाटत असे. ते पास नॉरिस यांनीही वापरले. या पासाची किंमत पुढे कोणाला मोजावी लागते हे त्यांच्या हळूहळू ध्यानात आले आणि मग त्यांनी पास बंद केले. माणूस एका रात्रीत बदलत नाही, हे त्यांच्या चरित्रातून मी शिकले.

१८९५ साली ते जिल्हा न्यायाधीश म्हणून निवडून आले. तेथे न्यायाधीशही लोकांच्या मतांनी निवडला जातो. दुष्काळाने मोडलेल्या शेतकऱ्यांच्या गहाण जमिनींचे खटले एकामागून एक त्यांच्यापुढे येऊ लागले. कायदा सावकाराच्या बाजूने स्पष्ट होता. तरीही जो शेतकरी प्रामाणिकपणे धडपडत आहे असे दिसे, त्याच्या जमिनीचा लिलाव कायम करण्याआधी न्यायमूर्ती नॉरिस कायद्यात बसेल तेवढी मुदत देत. कायदा न मोडता माणूस वाचवता येतो, हे त्यांनी त्या खुर्चीवर बसून पाहिले. याच सुमारास त्यांनी मॅककुक या गावी बिऱ्हाड हलवले. १९०१ साली तीन लहान मुली मागे ठेवून त्यांची पत्नी वारली. १९०३ साली मॅककुकमधल्याच एका शिक्षिकेशी, एला लिओनार्ड यांच्याशी, त्यांनी दुसरा विवाह केला.

१९०२ च्या निवडणुकीत अवघ्या १८१ मतांनी विजय मिळवून ते अमेरिकन संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात पोचले. तेथे त्यांच्याच पक्षाचे सभापती जोसेफ कॅनन यांचे एकछत्री राज्य होते. कोणत्या समितीवर कोण बसणार हे तेच ठरवत. कोणते विधेयक चर्चेला घ्यायचे हे ठरवणाऱ्या नियम समितीचे अध्यक्षही तेच. ज्याने शब्द मोडला त्याचे काम खुंटले. नॉरिस यांनी यावर एक ठराव लिहून खिशात ठेवला होता आणि संधीची वाट पाहत ते दिवस काढत होते. १७ मार्च १९१० रोजी सभापतींच्या एका समर्थकाने जनगणनेचा विषय राज्यघटनेतला आहे म्हणून तो आधी घ्यावा, असा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. लागलीच नॉरिस उभे राहिले. सभागृहाचे नियम ठरवण्याचा अधिकारही राज्यघटनेतच आहे, तेव्हा आपला ठरावही आधीच घ्यावा लागेल, असे त्यांनी मांडले. खेड्यातल्या वकिलाने प्रतिपक्षाच्याच दाखल्यावर प्रतिपक्षाला धरले! वादविवाद रात्रभर चालला. १९ मार्चला १९१ विरुद्ध १५६ मतांनी ठराव संमत झाला आणि सभापती नियम समितीतून बाहेर पडले.

१९१३ साली नॉरिस वरिष्ठ सभागृहाचे, म्हणजे सिनेटचे सभासद झाले. आता त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग येतो.

युरोपात पहिले महायुद्ध चालू होते. १९१७ च्या फेब्रुवारीमध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी अमेरिकन व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचा अधिकार मागितला. याने देश युद्धात ओढला जाईल, असे नॉरिस यांना वाटत होते. त्यांनी आणि आणखी काही सभासदांनी अधिवेशनाची मुदत संपेपर्यंत बोलत राहून ते विधेयक अडवले. देशभर संतापाचा डोंब उसळला. वर्तमानपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरवले. नेब्रास्कातही तेच वारे होते.

यावर नॉरिस यांनी जे केले ते मला फार विशेष वाटते. लोकांना आपण नको असलो तर राज्यात खास मतदान घ्यावे, कौल विरुद्ध गेला तर आपण राजीनामा देऊ, असे त्यांनी राज्यपालांना कळवले. नंतर ते स्वतः नेब्रास्काची राजधानी लिंकन येथे गेले आणि सभा जाहीर केली. मित्रांनी परोपरीने विनवले, की येऊ नका. सभेचे अध्यक्षपद घ्यायला कोणी तयार होईना. व्यासपीठावर शेजारी बसायलाही कोणी तयार होईना. २६ मार्च १९१७ च्या त्या संध्याकाळी सभागृह तीन हजारांवर माणसांनी भरले होते, आणि व्यासपीठावर एकटे नॉरिस चालत आले. आपण सत्य काय ते सांगायला आलो आहोत, एवढ्यावरच त्यांनी सुरुवात केली. तासाभराहून अधिक ते बोलले. वर्तमानपत्रांत न आलेली बाजू त्यांनी मांडली. ज्या लोकांनी त्यांना ओरडून खाली बसवायचे, त्याच लोकांनी शेवटी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

नंतर ४ एप्रिल १९१७ रोजी युद्धाच्या ठरावावर सिनेटमध्ये मतदान झाले. बाजूने ८२ आणि विरुद्ध ६. त्या सहांत नॉरिस होते. कर्जे देणाऱ्या आणि दारूगोळा विकणाऱ्या धनिकांच्या फायद्यासाठी गरिबांची मुले मरणार, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे मत बरोबर की चूक यावर इतिहासकार आजही वाद घालतात. पुढे हिटलरचे संकट आल्यावर त्यांनी स्वतः आपला विचार बदलला आणि डिसेंबर १९४१ मध्ये युद्धाच्या बाजूने मत दिले. परंतु १९१७ साली जे मनाला पटले ते त्यांनी लपवले नाही, आणि लोकांपासून तोंडही लपवले नाही. १९१८ साली लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.

स्वपक्षीयांना ते सलू लागले होते. १९३० च्या निवडणुकीतला किस्सा ऐकून आपल्याकडच्या वाचकांना मौज वाटेल. विरोधकांनी शोधून शोधून नेब्रास्कातल्या ब्रोकन बो गावचा एक किराणा दुकानदार काढला. त्याचेही नाव जॉर्ज डब्ल्यू. नॉरिस! मतपत्रिकेवर एकाच नावाचे दोघे आले की मते फुटतील, हा डाव. आपल्या निवडणुकांतही नामसाधर्म्याचे उमेदवार उभे राहतात, म्हणजे ही विद्या बरीच जुनी आहे. दुकानदाराचा अर्ज मुदतीनंतर पोचला म्हणून न्यायालयाने तो बाद केला, आणि पुढे चौकशीत खोटे सांगितल्याबद्दल त्याला शिक्षाही झाली. खरे नॉरिस निवडून आले.

पुढची काही वर्षे म्हणजे त्यांच्या आयुष्यातला सुगीचा काळ होय. १९३२ साली नॉरिस-लागार्डिया कायदा झाला. कामगार संघटनेत जाणार नाही असे कामगाराकडून लिहून घेण्याच्या करारांना त्याने न्यायालयाचा आधार नाकारला आणि संपावर मनाई हुकूम काढण्याच्या न्यायालयांच्या अधिकाराला वेसण घातली. १९३३ साली विसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. त्यापूर्वी नोव्हेंबरात निवडणूक होऊनही हरलेले सभासद ४ मार्चपर्यंत कायदे करत बसत, आणि नव्या संसदेचे नियमित अधिवेशन पुढच्या डिसेंबरात, म्हणजे तेरा महिन्यांनी भरे. नॉरिस यांनी सिनेटमध्ये हा बदल पुन्हा पुन्हा संमत करून घेतला आणि कनिष्ठ सभागृहाने तो पुन्हा पुन्हा अडवला. दहा वर्षांच्या चिकाटीनंतर तो घटनेत गेला.

पण त्यांच्या नावाशी कायमचे जोडलेले काम म्हणजे टेनेसी नदीचे. या नदीवर अलाबामा राज्यात मसल शोल्स येथे सरकारने युद्धकाळात धरणाचे आणि नायट्रेटच्या कारखान्यांचे काम काढले होते. १९२१ साली मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांनी तो प्रकल्प स्वस्तात मागितला. नॉरिस आडवे उभे राहिले. नदी लोकांची आहे, तिची वीजही लोकांची असावी, हा त्यांचा आग्रह. ना ते धरण त्यांच्या राज्यात होते, ना त्या नदीकाठी त्यांचा एकही मतदार होता. त्यांची विधेयके १९२८ साली अध्यक्ष कूलिज यांनी आणि १९३१ साली अध्यक्ष हूव्हर यांनी रोखली. अखेर १८ मे १९३३ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केली आणि टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी जन्माला आली. आपल्याकडे १९४८ साली स्थापन झालेले दामोदर खोरे महामंडळ याच नमुन्यावर उभे राहिले.

१९३६ साली ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला, त्याचेही नॉरिस हे एक जनक. त्या सुमारास अमेरिकेत दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. खाजगी कंपन्यांना दूरच्या शेतांपर्यंत तारा नेणे परवडत नसे. या कायद्याने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना सरकारी कर्जे मिळू लागली आणि त्यांनी स्वतःच्या तारा ओढल्या. याच धर्तीवर आपल्या देशात ज्या पहिल्या वीज सहकारी संस्था निघाल्या, त्यांत नगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा संस्था होती. २०११ साली तिचे काम महावितरणकडे गेले. दिव्याखाली अभ्यास करताना या सगळ्याचा कोणी विचार करत नाही. मीही केला नव्हता. माझे वडील आजही पाळी असेल तेव्हा मध्यरात्री बॅटरी घेऊन विहिरीवर मोटार चालू करायला जातात. शेतकऱ्याच्या दारी वीज येणे आणि ती वेळेवर येणे, या दोन्ही गोष्टी कोणीतरी भांडल्याशिवाय होत नाहीत, एवढे आता मला कळते.

या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टेनेसी योजनेतले पहिले मोठे धरण १९३६ साली क्लिंच नदीवर पूर्ण झाले. त्याला नॉरिस यांचेच नाव दिले. त्या धरणासाठी सुमारे २,९०० कुटुंबांना घरदार सोडावे लागले. हजारो थडगीसुद्धा हलवावी लागली. ज्यांचा जन्म शेतावर गेला, ज्यांनी लिलावात निघालेल्या जमिनी वाचवल्या, त्यांच्याच नावाच्या पाण्याखाली दुसऱ्या शेतकऱ्यांची शेते गेली. कोयना काय, जायकवाडी काय, आपण हे ओळखतो. नॉरिस यांचे मोठेपण यामुळे नाहीसे होत नाही. पण उजेड कोणाच्या घरी गेला हे लिहिताना अंधार कोणाच्या वाट्याला आला, हे गाळणारे चरित्र मला अपुरे वाटते.

नेब्रास्कासाठी त्यांनी एक वेगळाच प्रयोग केला. राज्याला दोन सभागृहांची गरजच नाही, दोन सभागृहांच्या मधल्या बंद खोलीत लोकांची कामे बुडतात, असे त्यांचे मत होते. १९३४ साली त्र्याहत्तर वर्षांच्या या म्हाताऱ्याने मोटारीतून गावोगाव हिंडून प्रचार केला आणि मतदारांनी तो मानला. १९३७ साली १३३ सभासदांच्या दोन सभागृहांऐवजी ४३ सभासदांचे एकच सभागृह बसले, तेही पक्षचिन्हाशिवाय निवडलेले. अमेरिकेतल्या पन्नास राज्यांत एकच सभागृह असलेले नेब्रास्का हे आजही एकमेव राज्य आहे.

१९३६ साली ते पक्ष सोडून अपक्ष म्हणून उभे राहिले आणि जिंकले. १९४२ साली मात्र एक्क्याऐंशीव्या वर्षी ते हरले. राजधानीतल्या कामामुळे प्रचाराला ते फारसे फिरकलेही नव्हते. ज्या लोकांपुढे १९१७ साली ते एकटे उभे राहिले होते, त्याच लोकांनी आता दुसऱ्याला निवडले. त्यांना ते फार लागले. तरीही ते मॅककुकला परतले आणि तेथेच २ सप्टेंबर १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. गावातील स्मशानभूमीत ते विसावले आहेत. १९५७ साली सिनेटच्या इतिहासातील पाच थोर सभासद निवडायचे ठरले, तेव्हा अभ्यासकांच्या यादीत नॉरिस यांचे नाव अग्रभागी होते. पण नेब्रास्काच्याच तत्कालीन सिनेटरांनी विरोध केल्यामुळे ते वगळले गेले. घरच्यांनीच नाव खोडावे, याहून मोठे दुःख कोणते? सुदैवाने ते पाहायला नॉरिस नव्हते.

मग शिकलेला माणूस गावाचा राहतो का? नॉरिस यांचे चरित्र वाचल्यावर मला वाटते, की तो कुठे राहतो यावर हे ठरत नाही. मोठ्या जागी बसून घेतलेल्या निर्णयाचा हिशेब द्यायला तो गावापुढे येतो की नाही, व्यासपीठावर एकटा उभा राहतो की नाही, यावर ते ठरते. गाव कधी टाळ्या वाजवील, कधी पाडील. दोन्ही वेळा परत जाता आले पाहिजे.

या दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला नॉरिस यांच्या आईची, फळझाड लावणाऱ्या त्या बाईची गोष्ट सांगितली. आजी थोडा वेळ गप्पच होती. मग तिने विचारले, की त्या झाडाला पुढे फळ आले का? मी सांगितले, की हो, पुष्कळ आले.